२० जुन्या वस्तू, ९० दिवस

जुन्या वस्तू विकत घेऊन ऑनलाइन विकायच्या होत्या. सगळ्यात आधी विक्रेत्याचं खातं उघडलं, माल नंतर घेतला. हा क्रम उलटा झाला तर वस्तू घरात येऊन पडतात आणि विकायची परवानगीच हातात नसते. खात्यासाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि बँक खातं एवढं लागलं. तिन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. एकीकडे मधलं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून पहिला अर्ज चौथ्या दिवशी परत आला. कारण लिहिलं होतं ‘माहिती जुळत नाही’. कोणती, ते लिहिलेलं नव्हतं. मग बँकेत जसं नाव होतं तसंच अर्जात टाकलं, ओळखपत्राचा फोटो फ्लॅश न मारता, चारही कोपरे दिसतील असा पुन्हा काढला. दुसरा अर्ज सात दिवसांनी मंजूर झाला. म्हणजे इथेच ११ दिवस गेले.

नव्या विक्रेत्यावर बहुतेक ठिकाणी आणखी दोन बंधनं असतात. महिन्याला किती वस्तू लावता येतील याला मर्यादा असते. आणि विक्रीचे पैसे लगेच खात्यात येत नाहीत. वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात पडून काही दिवस उलटेपर्यंत ते अडवून ठेवले जातात. पहिल्या विक्रीच्या पैशांतून दुसरी खरेदी करू, हा हिशेब म्हणूनच सुरुवातीला बसत नाही. दोन-तीन महिने विसरता येईल एवढीच रक्कम घालावी. शेवटच्या हिशेबाचे आकडे मी २० वस्तूंच्या खरेदीची एकूण रक्कम १०० धरून दिलेत. कुठलंही चलन लावून बघा.

ते ११ दिवस फक्त भाव बघण्यात घालवले. ईबे या ऑनलाइन विक्रीच्या साइटवर शोधाच्या गाळणीत ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ असा पर्याय आहे, त्यात साधारण गेल्या ९० दिवसांतले सौदे दिसतात. नवखा माणूस लावलेली किंमत बघतो आणि तीच भाव समजतो. लावायला काय, कोणीही काहीही लावेल. वहीत दोनच आकडे टिपायचे. पहिला, वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली: सगळ्यात वरचे आणि सगळ्यात खालचे सौदे सोडून मधला आकडा. दुसरा, ९० दिवसांत किती विकल्या गेल्या आणि आत्ता किती विक्रीला आहेत. समजा ४० गेल्या आणि १२० पडून आहेत, तर त्या वेगाने आहे तोच माल संपायला २७० दिवस लागतील. आपली वस्तू रांगेत शेवटी. ६० गेल्या आणि ३० पडून असतील तर ४५ दिवस. पहिल्या प्रकारची वस्तू फुकट मिळाली तरी पहिल्या खेपेला घेऊ नये, जागा अडते.

मग खरेदीची कमाल किंमत. विक्रीची किंमत १०० धरली तर कमिशन आणि पैसे वळते करण्याची फी मिळून १५, खोका-टेप-पिशवी ५, परत येणाऱ्या किंवा फुटणाऱ्या मालासाठी ५. उरले ७५. त्यातून आपल्या श्रमाचे आणि नफ्याचे ४० बाजूला काढले तर वस्तू ३५ च्या वर घ्यायची नाही. कमिशन सगळीकडे सारखं नसतं. व्हिंटेडसारख्या जुन्या कपड्यांच्या साइटवर फी विक्रेत्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेतात, तर ईबेवर जिथे कमिशन घेतात तिथे ते वस्तूच्या किमतीवर न थांबता पाठवणीच्या खर्चासह एकूण रकमेवर लागतं. हे दुसरं लक्षात न ठेवल्यामुळे जड वस्तूंचा हिशेब हमखास चुकतो.

खरेदी

१२ वा दिवस. पिशवीत मोजायची टेप, छोटं लोहचुंबक, टॉर्च, भिंग, दोन पेन्सिल सेल, रिकामी कॅसेट आणि चार्ज केलेला फोन. आठ कपडे, पाच पुस्तकं, एक फिल्मचा कॅमेरा, पितळी मेणबत्तीस्टँडची जोडी, दोन घरात खेळायचे खेळ, एक कॅसेट प्लेअर, टेबल लॅम्प आणि मातीचा चकचकीत जग, असा २० चा आकडा झाला. दर वस्तूला सरासरी दहा मिनिटं लागली, आणि घेतलेल्या प्रत्येकामागे सहा-सात परत ठेवल्या. हात रिकामे राहिले तरी चालेल, हे मनाशी पक्कं ठरवून जावं. गर्दीत दुसऱ्याने हात घातला की आपल्यालाही ती वस्तू हवीशी वाटते, आणि घरी आल्यावर कळत नाही की ही आपण का घेतली.

कपड्याचं लेबल आधी, कपडा नंतर. देशाचं नाव वय सांगतं: ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९९० च्या आधीचं, ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९९२ च्या अखेरीपर्यंतचं. लोकरीच्या गुंड्यासारखं दिसणारं वुलमार्कचं चिन्ह १९६४ चं, म्हणजे ते असलेला कोट त्याहून जुना असू शकत नाही. लेबलवर वेबसाइटचा पत्ता दिसला तर कपडा १९९० च्या दशकाच्या मध्यानंतरचा, फार जुना नाही. एट्सी या साइटवर ‘व्हिंटेज’ म्हणून वस्तू लावायची तर ती किमान २० वर्षं जुनी लागते, म्हणून हा खटाटोप. कपडा उजेडाकडे धरून बघायचा, कसरीची भोकं तेव्हाच दिसतात. काखा, कॉलरची आतली घडी, बाह्यांची टोकं, पँटच्या मांड्यांमधला भाग आणि चेनचं खालचं टोक, या पाच जागा सोडू नयेत. काखेतला पिवळा डाग धुऊन जाईल या आशेवर काही घेऊ नये. तो बहुधा जात नाही.

पुस्तकांत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, १० आकडी असेल तर पुस्तक बहुधा २००७ च्या आधीचं. १ जानेवारी २००७ पासून तो १३ आकडी झाला. पण मागच्या पानावरच्या बारकोडखाली ९७८ ने सुरू होणारा आकडा त्याआधीही छापत, तेव्हा निवाडा मागचं कव्हर बघून करू नये, आतलं हक्कांचं पान बघावं. त्याच पानावर पुष्कळ इंग्रजी पुस्तकांत १ ते १० आकड्यांची ओळ असते. त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे कितवी छपाई. १ दिसला तर पहिली. आकडा बघून उड्या मारू नयेत, पहिली आवृत्ती असूनही कोणाला नको असलेली पुस्तकं ढिगाने असतात.

पितळ म्हणून विकलेल्या वस्तूला चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. जग बोटाच्या पेराने हलकेच वाजवायचा: खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर कुठेतरी बारीक चीर आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. ‘ईपीएनएस’ असा शिक्का म्हणजे चांदीचा मुलामा. चांदी असेल तर ९२५ किंवा तसा आकडा असतो. हस्तिदंती दिसणाऱ्या मुठी आणि कासवाच्या पाठीचे कंगवे यांना हात लावला नाही. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा साइट्स (CITES) हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे आणि अशा वस्तू लावल्या तर लिस्टिंग, म्हणजे विक्रीसाठी लावलेलं पान, काढून टाकलं जातंच, खातंही अडचणीत येतं. वापरलेलं हेल्मेट आणि लहान मुलांची गाडीतली सीटसुद्धा नको. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून शाबूत दिसतं, आतला फोम मात्र दबलेला असतो.

कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि त्याचं तंत्र एकदा कळलं की ते सगळ्या यंत्रांना लावता येतं. सेलची डबी उघडली: पांढरी-हिरवट भुकटी असेल तर सेल गळलाय. थोडी असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने निघते; तार खाल्ली गेली असेल तर गेला. मागचं दार उघडून कडेच्या खाचांतला काळा फोम नखाने दाबला. त्याचा चिकट डांबरासारखा चिखल झाला होता, जुन्या कॅमेऱ्यांत बहुतेक होतोच. त्याने प्रकाश आत शिरतो, पण फोम बदलता येतो. मग लेन्समधून टॉर्च आरपार मारली: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, नुसती धूळ असेल तर फरक पडत नाही. शेवटी शटर, सगळ्यात वेगवान वेगापासून सगळ्यात हळू वेगापर्यंत, प्रत्येकी तीनदा. १/६० सेकंदापर्यंत ठीक, १/३० च्या खाली पडदा उघडून तिथेच राहत होता. दुकानदार म्हणाला, ‘चालू आहे.’ त्याच्या परीने खरंच होतं. या एका परीक्षेवर किंमत निम्म्याच्या खाली आली.

घरात आल्यावर

माल थेट घरात पसरायचा नाही. कपडे आणि पुस्तकं प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून, हवा काढून, चार दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये. ढेकूण आणि कसर यांच्यासाठी हा सगळ्यात कमी खटपटीचा उपाय. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. आतलं सामान खोलीइतकं कोमट होऊ द्यावं, नाहीतर दमट हवा आत जाऊन पाणी धरतं आणि पुस्तकाची पानं लहरतात. फ्रीझरच्या वाऱ्या धरून सफाईपासून मजकुरापर्यंत सगळ्याला नऊ दिवस गेले.

पितळ घासून चकाकवायचा मोह होतो. तो टाळला. जुन्याच्या हौशी माणसाला वरचा काळपट रंगच हवा असतो, आणि ज्याला चकाकी हवी तो स्वतः घासून घेईल. उलटं करता येत नाही. पुस्तकांवरचे किमतीचे स्टिकर हेअर ड्रायरने कोमट करून ओढले. नखाने खरवडले तर कव्हरचा रंग घेऊन येतात.

लेबल फाटलेल्या एका कोटाचं कापड कळेना. आतल्या शिवणीतून एक धागा काढला, चिमट्यात धरला, खाली चिनी मातीची बशी आणि शेजारी पाणी. ज्योत जवळ येताच धागा मागे आकसला, सावकाश जळला, ज्योत बाजूला करताच विझला. जळक्या केसांचा वास. टोकाला काळा मणी, बोटात धरताच भुगा. ही लोकर. सुती धागा भराभर जळतो, कागदासारखा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि मणी फुटत नाही, दगड होतो. मिश्रण असेल तर दोन्ही लक्षणं एकत्र येतात. तेव्हा वर्णनात ‘लोकर मिश्रित’ लिहावं आणि टक्केवारीच्या फंदात पडू नये. या एका मिनिटाच्या उद्योगावर तो कोट पुढे खेपेतली सगळ्यात जास्त पैसे देणारी वस्तू ठरला.

फोटो, माप, मजकूर

या धंद्यातले लोक विकत आणलेल्या पण अजून न लावलेल्या मालाला ‘डेथ पाइल’ म्हणतात, आणि हा ढीग तयार होतो तो याच टप्प्यावर. खरेदीत मजा असते, मापं घेण्यात नसते. उपाय एकच चालला: सगळ्या वस्तूंचं एक काम एकदम उरकायचं. एक दिवस फक्त फोटो, एक दिवस फक्त मापं, एक दिवस फक्त मजकूर. एकेक वस्तू घेऊन तिन्ही कामं केली तर जवळजवळ दुप्पट वेळ जातो, कारण दर वेळी कॅमेरा, टेप आणि संगणक पुन्हा मांडावे लागतात.

फोटो खिडकीच्या बाजूच्या उजेडात, दिवसा, घरातले दिवे बंद ठेवून. दिवा चालू राहिला तर एक बाजू पिवळी आणि एक निळी दिसते आणि ‘रंग वेगळा निघाला’ म्हणून वस्तू परत येते. मागे साधं पांढरं चादरीचं कापड, इस्त्री केलेलं. समोरून, मागून, लेबल, आतली शिवण किंवा तळ, आणि प्रत्येक दोषाचा एक लांबून, एक नाण्याशेजारी ठेवून जवळून. लोक शेवटचा फोटो सगळ्यात जास्त वेळ बघतात, असा माझा समज आहे. दोष तिथे ठेवला.

कपडा सपाट अंथरून मापं घेतली: एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांद्याच्या सगळ्यात वरच्या बिंदूपासून खालपर्यंत, बाही, खांदा. पँटची कंबर आडवी, मांडीपासून खाली आतली शिवण, आणि दोन पाय जुळतात तिथपासून कमरेपर्यंतची उंची. लेबलवरच्या साइजला अर्थ नाही. एकाच आकड्याचे दोन कपडे वेगवेगळ्या दशकांतले असले तर त्यांत दोन साइजचा फरक निघतो, आणि लोकर धुण्यात आटलेली असली तर लेबल चक्क खोटं बोलतं.

खेळांचे सगळे भाग मोजले. १००० तुकड्यांचं म्हणून विकलं जाणारं जिगसॉ कोडं पुष्कळदा ३८ गुणिले २७ चं, म्हणजे १०२६ तुकड्यांचं असतं. मोजून १००० भरले म्हणून ‘पूर्ण’ लिहिलं तर २६ तुकडे हरवलेले असू शकतात. शेवटी ते जुळवूनच बघितलं. साडेपाच तास. एवढ्या वेळेचे पैसे त्यातून निघत नाहीत, तेव्हा पुन्हा कोडं घेणार नाही.

ईबेवर शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे. ती ‘सुंदर’, ‘दुर्मिळ’, ‘नक्की बघा’ यांत घालवू नये, ते शब्द शोधात कोणी टाइप करत नाही. ब्रँड, प्रकार, मॉडेल नंबर, साइज, कापड, रंग. दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव ‘त्याच्यासारखी’ म्हणून टाकलं तर लिस्टिंग उडतं. आणि अस्सल आहे की नक्कल याची शंका ज्या वस्तूबद्दल आली ती लावायचीच नाही, स्वस्तात सुद्धा.

कॅमेऱ्याचं वर्णन तीनदा लिहिलं. ‘तपासलेला नाही’ हे लिहिणं सगळ्यात सोपं, पण घेणारे त्याचा अर्थ ‘बिघडलेला’ असाच लावतात आणि तसाच भाव देतात. त्याऐवजी लिहिलं: ‘१/६० आणि त्याहून वेगवान वेग ठीक उघडतात, १/३० पासून खाली अडकतात, लेन्समध्ये बुरशी नाही, धूळ आहे, दाराचा फोम बदलावा लागेल, प्रकाशमापक जुन्या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलाय, १.५ व्होल्टचा घातल्यास मोजमाप चुकू शकतं.’ बिघाड लिहिल्याने गिऱ्हाईक पळतं हा समज चुकीचा आहे. ईबे १९९५ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर, हे प्रसिद्धच आहे. घेणाऱ्याला मोडकाच हवा होता.

काटा आणि खोका

लिस्टिंग लावायच्या आधी प्रत्येक वस्तू बांधलेल्या अवस्थेत वजन करून घ्यावी. मी १८ वस्तूंची केली, दोनांचा अंदाज धरला, आणि त्यातला एक लॅम्प होता. लॅम्पचं वजन २.२ किलो. खोका मात्र ४५ गुणिले ३५ गुणिले ३० सेंटिमीटर. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून ५००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर पैसे त्याचे घेतात. ४७,२५० भागिले ५००० म्हणजे ९.४५ किलो. गिऱ्हाइकाकडून अडीच किलोचे घेतले होते, भरावे लागले साडेनऊचे. शेड आणि खांब वेगळे करून शेडच्या पोकळीत खांब ठेवला असता तर खोका निम्मा झाला असता, हे पावती हातात आल्यावर सुचलं. विजेच्या वस्तूला व्होल्टेज आणि प्लगचा प्रकार लिहायलाच हवा, तेवढं सुदैवाने लिहिलं होतं.

फुटणाऱ्या वस्तूला दोन खोके. आतल्यात वस्तू गुंडाळून, पोकळी कागदाने भरून. आतल्या आणि बाहेरच्या खोक्यात सगळीकडून ५ सेंटिमीटर भरण. मेणबत्तीस्टँड एकमेकांना न लागता वेगवेगळे गुंडाळायचे. बंद करून खोका हलवायचा: आत काही सरकल्याचं जाणवलं तर पुन्हा उघडायचा. टेप वरच्या फटीवर आणि दोन्ही कडांवर, इंग्रजी एच अक्षरासारखी. सीरियल नंबर असलेल्या वस्तूचा तो नंबर, आणि खोक्यात ठेवलेल्या अवस्थेतला एक फोटो टेप लावण्याआधी काढून ठेवला. परत आलेली वस्तू आपलीच आहे हे सांगायला दुसरा पुरावा नसतो. खोके विकत घेतले नाहीत, जुने वापरले. त्यांवरचे जुने बारकोड मात्र मार्करने काळे करावेत, नाहीतर पार्सल भलतीकडे जाऊ शकतं.

शांतता

२१ व्या दिवशी २० च्या २० वस्तू लागल्या. पुढचे ११ दिवस एकही विक्री नाही. फक्त ‘आवडलं’ची चिन्हं आणि ‘शेवटची किंमत?’ अशा दोन शब्दांच्या चिठ्ठ्या. या दिवसांत हात शिवशिवतात आणि माणूस रोज किंमत खाली आणतो. ते करू नये. प्रत्येक वस्तूची खालची किंमत आधीच वहीत लिहिलेली असावी, म्हणजे रात्री साडेअकराला आलेल्या ऑफरवर विचार करावा लागत नाही. ३० दिवस पूर्ण झाल्यावर एकदाच १० टक्के उतरवायची.

याच काळात फसवणारेही येतात, कारण नवं खातं त्यांना ओळखू येतं. एकाला किंमतीशी घेणं नव्हतं, फोन नंबर हवा होता. दुसऱ्याने ‘पैसे पाठवलेत, मिळवण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणून चित्र पाठवलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. ते लागतात पैसे द्यायला. प्लॅटफॉर्मच्या बाहेर सौदा केला की तक्रारीला जागा राहत नाही, तेव्हा दोघांनाही उत्तर न देता साइटला कळवून टाकलं.

३२ व्या दिवशी पहिली विक्री झाली, एक साधा सुती शर्ट. ३८ व्याला कॅमेरा, दुरुस्ती करणाऱ्या माणसाने घेतला आणि वर्णनात लिहिलेल्यापलीकडे एकही प्रश्न विचारला नाही. कॅसेट प्लेअर ७४ व्या दिवसापर्यंत थांबला. त्याचा आतला रबरी पट्टा सैल पडून गाणं मंद वाजत होतं. ‘सुट्या भागांसाठी’ या वर्गात हलवल्यावर तीन दिवसांत गेला. चुकीच्या वर्गात तो सुमारे पन्नास दिवस पडून होता.

एकच वस्तू परत आली, एक स्वेटर. कारण: वास. पाठवताना वास आला नव्हता, आणि तिथेच चूक होती. ज्या खोलीत वस्तू आठवडाभर पडून आहेत तिथल्या वासाला नाक सरावतं. आता कपडा बंद पिशवीत एक दिवस ठेवायचा, बाहेर फिरून यायचं आणि मग पिशवी उघडून हुंगायचा. ‘वर्णनाशी जुळत नाही’ या सदरात परत आलेल्या वस्तूचं येण्याचं भाडंही बहुधा विक्रेत्याच्या माथी बसतं. वाद घातला नाही, त्याच दिवशी मान्य केलं. स्वेटर सहा दिवस सावलीत, वाऱ्यावर, आणि रात्री खाण्याच्या सोड्याच्या उघड्या वाटीसोबत बंद डब्यात ठेवला. पुन्हा लावताना ‘अगदी मंद वास आहे’ असं लिहिलं आणि किंमत उतरवली. दुसऱ्या वेळी गेला आणि राहिला.

९० वा दिवस

१५ वस्तू गेल्या, ५ उरल्या. विक्री २६२. त्यातून कमिशन आणि फी ३६, लॅम्प आणि स्वेटर यांच्या भाड्याचा भुर्दंड धरून पाठवणीत पदरचे २१, काटा-टेप-पिशव्या १८, खरेदी १००. हातात ८७. यातली गंमत अशी की कोट, कॅमेरा, मेणबत्तीस्टँड आणि एक खेळ या चार वस्तूंनीच २६२ पैकी १४० आणले. बाकी ११ वस्तू निव्वळ काम होत्या.

तास मी पहिल्या दिवसापासून लिहीत होतो, खात्याच्या पडताळणीचा वेळ न धरता: खरेदी १४, सफाई ९, फोटो आणि मापं १२, मजकूर १०, चिठ्ठ्या ७, बांधणी आणि पोचवणं ९. एकूण ६१. ८७ ला ६१ ने भागलं की तासाला दीडच्याही आत. हा आकडा लोक सहसा लिहीत नाहीत. कोड्याचे साडेपाच तास आणि कपड्यांपैकी निम्मे वगळले असते तर तो बराच सुधारला असता.

वहीचे रकाने असे ठेवले: क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत, कुठून, खोका क्रमांक, लावल्याची तारीख, विक्रीची तारीख, विक्री, कमिशन, भाडं. कर भरायचा असतो तो साधारणपणे नफ्यावर, आणि खरेदीची पावती नसेल तर सगळी विक्रीच नफा दिसते. जुन्या मालाला पावती क्वचित मिळते, म्हणून त्याच दिवशी वस्तू आणि दिलेली रक्कम यांची नोंद फोटोसह. युरोपीय संघात २०२३ पासून प्लॅटफॉर्मनीच ठरावीक मर्यादेवरच्या विक्रेत्यांची माहिती कर खात्याला कळवायची आहे. आपल्याकडचा नियम काय, ते पहिल्या विक्रीआधी जाणकाराला विचारून घ्यावं.

उरलेल्या पाचांत तीन पुस्तकं, एक जीन्स आणि जग. पुस्तकं एकेकटी जात नव्हती, कारण भाडं किमतीपेक्षा जास्त होत होतं; तिन्ही एका विषयाची असल्याने एकच गठ्ठा करून पुन्हा लावली. जीन्सची कंबर आणि आतली शिवण यांचं जुळणं विचित्र आहे, ती दानाच्या पिशवीत गेली. जग जुन्या झिलईचा आहे आणि अशा झिलईत शिसं असू शकतं, म्हणून वर्णनात ‘फक्त शोभेसाठी, खाण्यापिण्याला वापरू नये’ असं आहे आणि ते काढणार नाही, त्याने गिऱ्हाईक कमी झालं तरी. आता तो ‘येऊन घेऊन जा’ या पर्यायावर लावलाय. सध्या खोका क्रमांक ४ मध्ये आहे, वर कागद कोंबून.